तोडल्याशिवाय कळत नाही



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, शेती, पाणी अशा विषयांवर पुष्कळ चांगले ऐकायला मिळाले. यंदा संयोजकांनी सरांच्या स्वतःच्या विषयाकडे वळायचे ठरवले, याचा मला मनापासून आनंद आहे. मोटारगाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगचा दर्जा सांभाळणारा अभियंता नेमके काय करतो आणि त्याच्या कामातले काय आपल्या खानदेशाने उचलावे, एवढेच मी आज सांगणार आहे.

सभागृहाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांपैकी एखादीचे दार उघडा आणि चौकटीवरची रबरी पट्टी जराशी ओढून पाहा. पत्र्याच्या कडेला ओळीने बसलेले छोटे गोल खळगे दिसतील. एकेक खळगा म्हणजे एकेक स्पॉट वेल्ड. एका मोटारीच्या सांगाड्यात असे साधारण तीन ते पाच हजार स्पॉट असतात. दाबयंत्रातून निघालेले पत्र्याचे शेकडो तुकडे या ठिपक्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. रंग, काच, गादी, इंजिन हे सगळे नंतर येते. आधी हे ठिपके.

ही रीत जुनी आहे. विजेच्या प्रवाहाने धातू जोडण्याचे पेटंट अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी १८८६ मध्ये घेतले. तत्त्व दहावीच्या पुस्तकातले आहे. तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गावर, रोधावर आणि वेळेवर अवलंबून असते. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या टिपांनी दाबायचे आणि प्रवाह सोडायचा. सर्वांत जास्त रोध असतो तो दोन पत्र्यांच्या मधल्या सांध्यावर. म्हणून लोखंड आतून वितळते, वरून नाही. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याला आठ-दहा हजार अँपिअर प्रवाह, दोनशे-अडीचशे किलोचा दाब आणि सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग एवढे पुरते. तांब्याच्या टिपा आतून पाण्याने थंड ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्या वितळत नाहीत. प्रवाह थांबतो, दाब क्षणभर तसाच राहतो आणि आतले वितळलेले लोखंड गोठते. गोठलेल्या त्या गोळीला कारखान्यात नगेट म्हणतात.

आता खरी अडचण ऐका. बाहेरून दिसतो तो टिपेने पाडलेला खळगा. नगेट दोन पत्र्यांच्या मध्ये असते, ते कुणालाच दिसत नाही. खळगा सुबक, गोल, छान निळसर कडांचा असू शकतो आणि आत नगेट अजिबात नसू शकते. अशा वेळी पत्र्यावरचा जस्ताचा थर वितळून दोन्ही पत्रे नुसते चिकटलेले असतात. कामगार त्याला कोल्ड वेल्ड म्हणतात. हाताने हलवून पाहिले तर घट्ट वाटतो. गाडी शोरूममध्ये जाते, घरी येते, पेढे वाटले जातात. तो स्पॉट सुटतो खड्ड्यांच्या रस्त्यावर काही वर्षांनी, किंवा समोरून दुसरे वाहन आदळते त्या क्षणी.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची हमी देणे, हे या अभियंत्याचे काम आहे.

ती हमी मिळते कशी? पाळीची सुरुवात छिन्नी-हातोडीने होते. हजारो कोटींचा कारखाना असतो, शेकडो रोबो असतात, आणि अभियंता किंवा त्याचा सहकारी दोन स्पॉटच्या मधल्या फटीत पातळ छिन्नी घालून ती हातोडीने आत ढकलतो. पत्रा वाकतो. स्पॉट धरून राहिला तर तो पत्रा ठोकून पुन्हा सरळ करायचा आणि गाडी पुढे सोडायची. स्पॉट सुटला तर उत्पादनाची लाइन थांबते. दुसरी परीक्षा पत्रा सोलण्याची. नमुन्याचे दोन पत्रे केळीच्या सोपटासारखे सोलून ओढले, तर चांगला स्पॉट जागचा हलत नाही. उलट एका पत्र्याला भोक पडते आणि दुसऱ्या पत्र्यावर लोखंडाचे बटण उभे राहते. त्या बटणाचा व्यास मोजायचा. उद्योगात रूढ असलेला एक निकष असा, की पत्र्याच्या मिलिमीटरमधल्या जाडीचे वर्गमूळ काढून त्याला चारने गुणायचे, त्याहून बटण लहान नको. एक मिलिमीटरच्या पत्र्याला चार मिलिमीटर. वहीत आकडा लिहायचा, खाली सही करायची.

मग येते अल्ट्रासॉनिक चाचणी. पेन्सिलीएवढा प्रोब स्पॉटवर टेकवला की ध्वनिलहरी आत जाऊन परत येतात. मध्ये जोड नसेल तर पहिल्याच पत्र्याच्या तळावरून प्रतिध्वनी येतो, जोड असेल तर लहर दोन्ही पत्रे ओलांडून परतते. भुसावळच्या लोकांना यात नवल वाटू नये. फलाटावर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी चाकावर मारून आवाज ऐकणारी माणसे आपण लहानपणापासून पाहिली आहेत. धातूच्या पोटातले कानाने ओळखण्याची ती विद्या आणि ही विद्या एकाच घराण्यातल्या. फरक एवढाच, की प्रोबमधला आवाज सेकंदाला दीड-दोन कोटी कंपनांचा असतो, आणि तो माणसाला ऐकू येत नाही.

आणि शेवटची परीक्षा टीअर डाउनची. लाइनवरचा एक अख्खा सांगाडा बाजूला घ्यायचा आणि तो स्पॉट-स्पॉट तोडायचा. चार-पाच हजार बटणे मोजायची. माणसांचे कित्येक दिवस यात जातात आणि शेवटी उरते ते भंगार. कारखान्यात नवीन आलेल्या पोराला हे पाहून वाईट वाटते. चांगली गाडी तोडली, असे तो घरी फोनवर सांगतो. त्याला समजवावे लागते, की रस्त्यावर गेलेल्या बाकी सगळ्या गाड्यांवर आपण विश्वास टाकतो तो या एका तोडलेल्या गाडीच्या जिवावर.

इथे आपल्याकडची एक म्हण आठवते, शितावरून भाताची परीक्षा. नमुना तपासणीचे सगळे शास्त्र या म्हणीत आहे असे आपण समजतो. पण ती म्हण लागू पडायला एक अट आहे. पातेले एक हवे, आधण एक हवे, आच एक हवी. तेव्हाच एक शीत सगळ्या भाताची खबर देते. मोटारीच्या सांगाड्यातल्या चार हजार स्पॉटची गोष्ट वेगळी. प्रत्येकाची वेल्डिंग गन वेगळी, टिप वेगळी, पत्र्यांची जाडी वेगळी, मधली फट वेगळी. एका स्पॉटवरून शेजारच्या स्पॉटबद्दल काही सांगता येत नाही. म्हणून या अभियंत्याचे निम्मे कसब कोणते शीत उचलायचे हे ठरवण्यात असते. सीट बेल्टचा बोल्ट जिथे बसतो, सीट जिथे पक्की होते, दोन दारांमधला उभा खांब जिथे छताला मिळतो, ते स्पॉट वेगळे काढायचे आणि तिथे जास्त वेळा, जास्त कडकपणे पाहायचे.

नमुना नष्ट करून उरलेल्या मालाची खात्री करण्याचे शास्त्र ज्या कामातून वाढले, त्याचा आपल्या जळगाव जिल्ह्याशी अगदी जवळचा संबंध लावता येतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे होतात. काडतूस चांगले आहे का, हे ते झाडल्याशिवाय कळत नाही, आणि झाडले की ते संपले. त्यामुळे काडतुसांच्या कारखान्यात लॉटमधले नमुने झाडून पाहायचे आणि त्यावरून लॉट स्वीकारायचा की नाकारायचा, हीच रीत. वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत, उत्पादनातला चढउतार आकड्यांनी दाखवणारा पहिला नियंत्रण आलेख काढला. त्यांचे सहकारी डॉज आणि रोमिग यांनी नमुना किती घ्यायचा याचे तक्ते बसवले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने दारूगोळ्यासाठी ही पद्धत उचलली. हेच शेवार्ट १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. वरणगावच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मुलाला मोठे व्हायला बाहेर जावे लागले, तरी गुणवत्तेचे मूळ तत्त्व त्याच्या शेजारीच होते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

आता हिशेब करा. समजा, हजारात एकच स्पॉट वाईट पडतो. परीक्षेत ९९.९ टक्के म्हटले तर आपण मुलाला खांद्यावर घेऊ. पण गाडीत चार हजार स्पॉट असतील तर प्रत्येक गाडीत चार वाईट स्पॉट निघाले. दिवसाला चारशे गाड्या काढणाऱ्या कारखान्यात रोज सोळा लाख स्पॉट पडतात. अशा ठिकाणी शेवटी उभे राहून वाईट माल निवडणे शक्यच नाही. स्पॉट वाईट का पडतो, ते आधी शोधावे लागते.

तो का पडतो, हे या कामाचे हृदय आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

पहिले कारण टिप. तांब्याची टिप जस्ताच्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा दाबली की तांबे आणि जस्त मिळून तिच्या तोंडावर पितळेचा थर बसतो आणि तोंड पसरत जाते. सहा मिलिमीटरचे तोंड सात मिलिमीटर झाले, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी वाढले. तोच प्रवाह मोठ्या जागेवर पसरला, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जाणारा प्रवाह चौथाईहून अधिक घटला. उष्णता तर वर्गाने घटते. म्हणून ठरावीक स्पॉटनंतर टिप तासून पुन्हा आकारात आणतात. ते तासणे एकदा चुकले की पुढचे शेकडो स्पॉट अशक्त.

दुसरे कारण वीज. ज्या जुन्या यंत्राला प्रवाह सांभाळणारे नियंत्रक नाही, तिथे व्होल्टेज दहा टक्के उतरला की उष्णता एकोणीस टक्के उतरते. मोठ्या कारखान्यांनी यावर उपाय केले आहेत. छोट्या युनिटमध्ये दुपारी लाइट डाउन झाली की ऑपरेटर नुसता वैतागतो आणि स्पॉट मारत राहतो. त्या तासाभराच्या मालावर वेगळी खूण करून ठेवावी, एवढी साधी गोष्ट होत नाही.

तिसरे पाणी, आणि हे खास आपल्यासाठी. टिपेतून मिनिटाला साधारण चार लिटर थंड पाणी फिरायला हवे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा छपरावरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. त्या पाण्याने टिप थंड होत नाही, लवकर मऊ पडते, लवकर पसरते. हिवाळ्यात बसवलेली सेटिंग उन्हाळ्यात तशीच चालवणे, ही चूक आपल्या भागात हमखास होते.

चौथे कारण दोन पत्र्यांमधली फट, म्हणजे दोष आधीच्या दाबयंत्रात असतो आणि दिसतो वेल्डमध्ये.

या चारही कारणांत वेल्डरचा हात कुठेच नाही. तरीही वेल्ड सुटला की पहिले बोट त्याच्याकडे जाते. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मध्यातून दुभंगले. युद्धाच्या घाईत रिव्हेटऐवजी वेल्डिंगने बांधलेली जहाजे होती, त्यामुळे आधी संशय वेल्डिंगवर आणि वेल्डरवर. वेल्डिंगमध्ये दोष होतेही. पण पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले, की त्या जहाजांचे पोलादच थंडीत ठिसूळ होत होते, आणि एकसंध सांध्यांमुळे तडा अडायला जागा उरत नव्हती. मी ज्यांना ज्यांना शिकवले त्यांना हे उदाहरण सांगितले. माणसाचे नाव विचारायच्या आधी टिप पाहा, पाणी पाहा, पत्रा पाहा. वेल्डरला दरडावणारा अभियंता एकदाच यशस्वी होतो. पुढच्या वेळी स्पॉट सुटला तरी त्याला कुणी सांगत नाही.

आणि या कामाचा सर्वांत जड भाग पुढे येतो. दुपारी दोन वाजता एक स्पॉट छिन्नीला सुटला. सकाळी सातला तोच स्पॉट चांगला होता. मधल्या सात तासांतल्या गाड्यांचे काय? त्या सगळ्या संशयित. काही रंगाच्या टाकीत गेल्या, काहींत इंजिन बसले. त्या सगळ्या होल्डवर घ्या, असे लिहून सही करायची असते. लाइन थांबली की मिनिटामिनिटाचा हिशेब वरपर्यंत जातो. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा असतो, एरंडोल नाहीतर साक्रीहून आलेला, पगारातून घरी पैसे पाठवणारा. त्याच्यासमोर त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस उभा राहून विचारतो, एका स्पॉटसाठी थांबवणार का? त्या वेळी उपयोगी पडते ती वहीतली नोंद. सातला पाच मिलिमीटर होते, दोनला शून्य आहे. ज्याच्याजवळ आकडा आहे तो नम्रपणे बोलूनही ठाम राहू शकतो. नोंद न ठेवणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, आणि तरीही त्याचे कुणी ऐकत नाही.

या सहीचे मोल आता देशानेही ओळखले आहे. ३१ जानेवारी २०१४ ला गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत एकीलाही प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. एअरबॅग नसणे हे एक कारण होतेच, पण त्यांतल्या काहींचा सांगाडाच अस्थिर ठरला. मग चित्र पालटले. डिसेंबर २०१८ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, जानेवारी २०२० मध्ये नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष वाहने परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणी जाहीर झाली. तारे केवळ वेल्डमुळे मिळत नाहीत. आराखडा, पोलादाची जात, एअरबॅग हे सारे त्यात येते. पण दारांमधल्या खांबाला आता साध्या पोलादाच्या चार-पाच पट ताकदीचे, तापवून साच्यातच थंड केलेले पोलाद वापरतात. ते जोडणे अवघड असते, आणि स्पॉट सुटला तर त्या महागड्या पोलादाची ताकद वाया जाते.

महाराष्ट्रात हे काम कुठे कुठे वाढले ते पाहा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या मोटारी कुर्ल्यात बनत. साठच्या दशकात टाटांची टेल्को पिंपरीला आली. पुढे नाशिक, छत्रपती संभाजीनगरजवळचे (पूर्वीच्या औरंगाबादजवळचे) शेंद्रा, चाकण, तळेगाव, रांजणगाव. नकाशावर ही सगळी गावे खानदेशाच्या दक्षिणेला एका पट्ट्यात आहेत. आग्रा रोडने वर गेलात तर इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा वेगमार्ग आहे, तिथे गाड्यांची परीक्षा होते. गाडी बनते दक्षिणेला, तपासली जाते उत्तरेला आणि मधून धुळ्यावरून जाते. आपली मुले मात्र त्या सगळ्या कारखान्यांत आहेत. नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या किंवा चाकणच्या, सांगाडे जोडणाऱ्या बॉडी शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत अहिराणी कानावर पडली नाही, असे सहसा होत नाही.

त्या मुलांनी परत यावे असे मी म्हणणार नाही. त्यांची विद्या मात्र परत यायला हवी. जळगाव एमआयडीसीत, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत, आणि त्याहून जास्त महामार्गाच्या कडेने असलेल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत रोज काय जोडले जाते? ट्रॅक्टरची ट्रॉली, तिचा हूक, पाण्याच्या टाकीचे स्टँड, शाळेच्या पत्र्याच्या शेडचे खांब. केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली रावेर-यावलच्या रस्त्याने जाते तेव्हा तिचा सारा भार हुकाच्या चार बोटे वेल्डवर असतो, आणि त्याच ट्रॉलीवर मजूर बायका बसलेल्या असतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली किती सुटलेल्या सांध्याने गेली याची वेगळी मोजणी होत नाही, याचे मला दुःख आहे.

तपासणी महाग असते, हा समज खोटा आहे. या दुकानांत चालणाऱ्या आर्क वेल्डिंगच्या सांध्याची उत्तम परीक्षा हातोडी आणि वाइस एवढ्यावर होते. एका पट्टीवर दुसरी पट्टी उभी धरून फक्त एका बाजूने वेल्ड मारायचा. थंड झाल्यावर वेल्डच्या बाजूला हातोडीने आडवी पाडायची. सांधा उघडतो आणि पोटातले सगळे दिसते. मुळाशी लोखंड वितळले की नुसते वर चढले, आत मळी अडकली का, वेल्डिंगच्या दमट रॉडमुळे भोके पडली का. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या रॉडने मारलेला वेल्ड एकदा असा तोडून पाहिला, की पोरगा पुन्हा रॉड उघड्यावर ठेवत नाही. सरांचा यावर फार भर असे. वरून माशाच्या खवल्यासारखा सुंदर दिसणारा वेल्ड पाहून ते कधी गुण देत नसत.

म्हणून जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या आयटीआयमधल्या निदेशकांना, तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, वेळ थोडा असतो हे मी जाणतो. तरी प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा सांधा स्वतःच्या हाताने तोडू द्या आणि जे दिसेल ते वहीत लिहायला लावा. नाशिक-चाकणला असलेल्या माजी विद्यार्थ्यांना दिवाळीत गावी आले की एक दिवस वर्कशॉपमध्ये बोलवा, ते आनंदाने येतील.

दुकानदार बंधूंनी आठवड्यातून एक नमुना तोडावा, त्यावर तारीख आणि वेल्डरचे नाव टाकावे आणि तो दुकानात दिसेल असा ठेवावा. आणि इथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगतो, नवी ट्रॉली सांगायला जाल तेव्हा रंग आणि भाव विचारण्याआधी तोडलेला नमुना दाखवा म्हणा. जो दाखवेल त्याच्याकडेच ट्रॉली करा आणि त्याला चार पैसे जास्त द्या.